भिंतीचा कान

सरांच्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमाला नांदेडचा हॉल भरून माणसं आली होती. एकेक जण माइकपाशी जायचा, गळा दाटून आल्यासारखं बोलायचा आणि "सरांनीच मला घडवलं" म्हणून खाली उतरायचा. मी मागे बसून ऐकत होते. त्यातले निम्मे तरी माझ्या वर्गात घडले होते आणि घडताना उडालेल्या ठिणग्या माझ्याच अंगावर पडल्या होत्या. पण माझं नाव घ्यायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. आता सर लातूरला मुलाकडे असतात, आणि ते समोर नसल्यामुळे लोक त्यांच्याविषयी आणखीच गोड बोलतात. म्हणून म्हटलं, कुणीतरी खरं काय ते लिहून ठेवावं.

सर नांदेडच्या एका बी.एड. कॉलेजात प्राध्यापक होते आणि मी मुदखेडच्या एका हायस्कुलात मराठीची बाई. दर वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या कॉलेजची मुलंमुली आमच्या शाळेत शिकवण्याचा सराव करायला येत. याला कागदोपत्री विद्यापीठ आणि शाळा यांची भागीदारी असं भारदस्त नाव होतं. वर्ग आमचे, पोरं आमची, खडू आमचा, आणि ते गेल्यावर तोच धडा पहिल्यापासून शिकवायचा तो घसाही आमचाच. बीएडवाले आमच्याकडे आठवडेच्या आठवडे असत. त्यांना फळ्यावर ओळ सरळ कशी लिहावी इथपासून दंगेखोर पोरांना कुठं बसवावं इथपर्यंत सगळं आम्ही सांगायचं. सर आठवड्यातून एकदा सकाळच्या पॅसेंजरनं येत आणि दुपारच्या गाडीनं परत जात. तरी मुलं त्यांची.

ते पहिल्यांदा आले तो दिवस मला चांगला आठवतो. इतर प्राध्यापक वर्गात मागच्या बाकावर बसून पाठ बघत. बी.एड.च्या भाषेत एका तासाच्या शिकवण्याला पाठ म्हणतात. सरांनी पिशवीतून घडी केलेला पोत्याचा बारदाना काढला, झटकला, वर्गाबाहेर व्हरांड्यात अंथरला आणि भिंतीला टेकून, वर्गाकडे पाठ करून, डोळे मिटून बसले. आमच्या शिपायाला वाटलं, कुणीतरी पालक दाखला न्यायला आलाय आणि दमून बसलाय. त्यानं त्यांना ऑफिसात जायला सांगितलं. सर डोळे न उघडता त्यांच्याकडच्या पद्धतीचा नमस्कार करत म्हणाले, "शरणार्थ. माझा पाठ चालू हाय."

"पाठ आत चालू हाय, काका. तुम्ही भाईर बसलाव," शिपाई म्हणाला.

"म्हणूनच. मी पाठ करून पाठ ऐकतो."

हे वाक्य मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर झालं. पोरांना तर खेळणंच मिळालं. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी सरांचं नाव भिंतीचा कान ठेवलं. मला वाटलं होतं, सरांना राग येईल. पण त्यांना ते नाव इतकं आवडलं की आमच्या मुख्याध्यापकांना फोन करतानाही "मी भिंतीचा कान बोलतोय" म्हणायचे.

हे कानाचं वेड त्यांनी घरून आणलं होतं. उदगीरला त्यांच्या वडिलांची आडत होती. लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून, मागे पोत्यातून तूर ओतली की नुसत्या आवाजावरून माल ओला की वाळलेला ते सांगायचे म्हणे. हे त्यांनीच सांगितलं, त्यामुळे किती खरं मानायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. बारदानाही त्या आडतीतलाच होता आणि त्याला ते 'आमची खुर्ची' म्हणत. ज्या लातूरच्या बाजूनं साऱ्या महाराष्ट्राला घोकंपट्टीनं मार्क कसे मिळवायचे ते शिकवलं, तिथला हा माणूस पाठांतराचं नाव काढलं की कानावर हात ठेवायचा.

एकदा ते मला म्हणाले, "डोळ्याला नुसता शिक्षक दिसतो, बाई. कानाला पोरं दिसतात."

"कानाला दिसत नसतं सर, ऐकू येतं."

"तुम्ही मराठीच्या. तुम्हाला चूकच आधी ऐकू येते," असं म्हणून त्यांनी शेंग फोडली. ते आमच्या शाळेचा चहा कधी प्यायले नाहीत. खिशात भाजलेल्या शेंगा असत, त्या ते चालता चालता खात आणि टरफलं दुसऱ्या खिशात टाकत. सुशीला मात्र त्यांच्या फार आवडीची. मुरमुऱ्याचा तो साधा पदार्थ. पण तो डब्यात असल्याचा त्यांना वास लागायचा आणि ज्या मास्तराच्या डब्यात असेल त्याच्या शेजारी ते जाऊन बसायचे. एवढं सगळं मला चाललं असतं.

मला चालत नव्हतं ते लिंबाखालचं. पाठ झाले की ते आपल्या मुलांना अंगणातल्या कडुलिंबाखाली बसवत आणि ऐकलेला अख्खा पाठ पुन्हा करून दाखवत. शिक्षकाचा आवाज, पोरांचे आवाज, बाक सरकल्याचा आवाज, सगळं. "खिडकीजवळची पोरगी दोनदा हसली. एकदा धड्याला, एकदा तुला," असं एखाद्याला सांगत, आणि तो मुलगाही त्यांच्याबरोबर हसत सुटे. शेवटी प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे, "सगळ्यात मागचं पोरगं कवा बोललं?" मी त्याच मुलांच्या वह्यांत पानभर शेरे लिहिलेले असत. कुठं घाई झाली, कुठल्या शब्दाचा अर्थ चुकला, फळ्याचा कुठला कोपरा मोकळा राहिला, सगळं. ते शेरे मुलं "हो बाई" म्हणून दप्तरात घालत आणि लिंबाकडे पळत. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत बसे. कपातला चहा गार होई.

आमच्या मुख्याध्यापकांचं आणि त्यांचं तर विळ्याभोपळ्याचं सख्य. शाळेत मास्तर कमी, त्यात दोघंतिघं कुठल्या ना कुठल्या सरकारी कामावर. बीएडवाले आले की मुख्याध्यापकांना देव पावल्यासारखं व्हायचं. मोकळे तास द्या त्यांना, खिचडी वाटायला उभं करा त्यांना. सर एकदा ऑफिसात गेले आणि उभ्यानंच म्हणाले, "माझी पोरं शिकाया आल्यात, राखणीला न्हाई."

"मग आमच्या पोरांवर काय म्हणून शिकून राहिली?" मुख्याध्यापक म्हणाले. "आम्ही वर्ग देतो, तुम्ही काय देता? एक आभाराचं पत्र. तेबी गेल्या वर्षीचं आता आलं."

या एका बाबतीत मी मुख्याध्यापकांच्या बाजूची होते, आणि तसं तोंडावर बोलले. एक कविता आठवडाभर चालली तर चालू द्या, असं सर मुलांना सांगून जायचे. त्यावर मी विचारलं, "आणि घटक चाचणीचं काय? तिचा पेपर काय तुमच्या विद्यापीठातून येतो?"

"विद्यापीठातून आला असता तर एवढ्या लवकर आला नसता," ते म्हणाले. सगळी स्टाफरूम हसली. माझा मुद्दा बरोबर होता आणि हशा त्यांना मिळाला, हे नेहमीचंच होतं.

मग शाहीन आली.

शाहीन आमच्याच शाळेची. स्टेशनजवळ तिच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान. पाचवीत उर्दू शाळेतून आमच्याकडे आली तेव्हा ती शाळेला 'शाला' आणि बाळाला 'बाल' म्हणायची. सगळा वर्ग हसायचा. मी तिला रोज शाळा सुटल्यावर थांबवून काळा, मुळा, पोळी, गोळी असं म्हणायला लावलं. कितीतरी महिने लागले. एक दिवस ती धावत आली आणि "बाई, कावळा!" म्हणाली, झाडावर कावळा बिवळा काही नव्हता, तिला फक्त ते अक्षर दाखवायचं होतं. दहावीला ती मराठीत शाळेत पहिली आली तेव्हा तिच्या अम्मीनं मला खीर पाठवली. माझं स्वतःचं मूल नाही. शाहीनला मी कधी मुलगी म्हटलं नाही, पण तिचे कपडे, तिचं अक्षर, तिच्या लग्नाची बोलणी, सगळ्यांत माझं नाक असायचं.

ती बी.एड.ला गेली आणि सरावासाठी आमच्या शाळेत आली ते माझं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं, "बाई, तुमच्या जागी तासिकेवर कुणाला घ्यायचं, ते तुम्हीच सांगा." मला काय सांगायचं होतं ते आमच्या शिपायालाही माहीत होतं. माझ्यानंतर माझ्या वर्गात शाहीननं उभं राहावं, माझ्यासारखं शिकवावं. सबंध नोकरीत मी एवढी एकच गोष्ट मागितली.

आणि पहिल्याच आठवड्यात ती लिंबाखाली जाऊन बसली.

थोड्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की शाहीनचं टाचण, म्हणजे पाठाची तयारी, दोन प्रकारचं असतं. मी वर्गात मागे बसले की वर्ग चिडीचूप. अवघड शब्द फळ्यावर, अर्थ वहीत, प्रश्नाला हात वर, जशी मी शिकवायचे तशी. सर बाहेर बसले की वर्गात नुसता बाजार. हा बोलतोय, ती बोलतेय, आणि शाहीन मधे उभी राहून ऐकतेय. मी विचारलं तर रडकुंडीला आली.

"मग मी काय करू बाई? तुम्ही एक सांगून राहिल्या, सर एक सांगून राहिले. कॉलेजात गेलं की ते म्हणतात, पोरं बोलू दे. शाळेत आलं की तुम्ही म्हणता, आवाज नको. मी दोन-दोन टाचणं लिहून राहिले. घरी अम्मी म्हणते, किती लिहिते ही पोरगी, कलेक्टर होते की काय."

"ज्यात तुझं मन आहे ते एकच लिही," मी म्हणाले. म्हणजे माझं लिही.

एका सकाळी पॅसेंजर उशिरा होती, सर आलेले नव्हते. शाहीननं पाठ सुरू केला, माझ्या पद्धतीनं, सुरेख. मी मागच्या बाकावर सुखात बसले होते. एवढ्यात व्हरांड्यात बारदाना झटकल्याचा आवाज झाला. शाहीन अर्ध्या वाक्यात थांबली, खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "हां, आता तुम्ही सांगा, तुम्हाला काय वाटतं?" माझ्या डोळ्यांदेखत पोरीनं पक्ष बदलला. साऱ्या वर्गानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी त्यांना गाठलं. ते कुणाच्या तरी डब्यातली सुशीला खात होते.

"तुम्ही आठवड्यातून एकदा येता, मजा करून जाता," मी म्हणाले. "रोजचं दळण आम्ही दळतो."

"खरंय."

"पोरं तुमच्यामागं लागतात, कारण तुम्हाला अभ्यासक्रम संपवायचा नसतो. एक वर्ग घ्या वर्षभर, मग बघू."

"तेबी खरंय. मला वर्ग कोण देतंय?" त्यांनी तोंड पुसलं. "पण शाहीन दोन टाचणं लिहिते ते माझ्यामुळं न्हाई, बाई. मी एक दिस असतो, तुम्ही रोज असता. तिला तुमची भीती वाटते."

"माझी कुणालाही भीती वाटत नाही!" मी ओरडले. मुख्याध्यापक भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघू लागले आणि शिपाई कप गोळा करायच्या निमित्तानं बाहेर गेला.

वार्षिक पाठाच्या दिवशी आम्ही दोघंही परीक्षक होतो, शाळेकडून मी आणि कॉलेजकडून ते. मी आत, ते बाहेर. शाहीनला म्हणी शिकवायच्या होत्या. मला वाटलं, आज कळेल ती कुणाची. तिनं 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण फळ्यावर लिहिली, माझ्या वळणाच्या अक्षरात, आणि घरी याला काय म्हणतात ते विचारलं. पोरं बोलत सुटली. कुणी तांड्यावरची म्हण सांगितली, कुणी आजीची तेलुगू, कुणी दखनी. सर बाहेर नक्कीच खूश झाले असणार, मी आत जळत होते. मग तिनं नुसता हात वर केला. वर्ग इतका शांत झाला की मैदानावरच्या पोरांचा ओरडा ऐकू आला. "आता लिहा," ती म्हणाली, "तुमच्या घरची म्हण, मराठीत. शब्द अडला तर विचारायचं नाही, आधी शोधायचा." हे मी कधी सांगितलं नव्हतं, आणि सरांनीही सांगितलेलं नसावं. कारण पाठ संपल्यावर त्यांनी बारदान्याची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

मार्क देताना त्यांनी मला विचारलं, "तुम्ही किती देऊन राहिल्या?"

"आधी तुम्ही सांगा."

शेवटी दोघांनीही कागद झाकून आकडे लिहिले. उघडले तर दोन्हीकडे पैकीच्या पैकी. पाठ चांगला होता, पण इतकाही नव्हता. दुसऱ्यापेक्षा कमी द्यायची दोघांचीही तयारी नव्हती, दुसरं काही नाही.

मे महिन्यात मी निवृत्त झाले. शाहीनचा निकाल लागला. आमच्या शाळेत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला आणि तिला घरी बोलावलं. ती आली नाही. मोबाइलवर चार ओळी आल्या, "बाई, माफ करा. मला दुसरीकडे काम लागलं. तुमच्या शाळेत नाही येऊ शकत. भेटून सांगते."

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी पदर खोचला आणि नांदेडची गाडी पकडली. गाडीत बसल्या बसल्या काय काय बोलायचं त्याची उजळणी केली. तुम्ही बाहेर बसून कान दिलात आणि आतलं माणूस नेलंत, हे पहिलं वाक्य. ते फारच चांगलं जमलं होतं.

सर त्यांच्या खोलीत एकटेच बसले होते. टेबलावर शेंगा तशाच पडलेल्या होत्या. मी दारात पोचले, तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "या. नेलीत ना शेवटी?"

"कुणाला?"

"मला काय विचारता? पोरीला म्हटलं, एम.एड. कर, इथं माझ्या हाताखाली राहा, मी जाईपर्यंत तयार करतो. तर निरोप आला, दुसरीकडे काम लागलं. दुसरीकडे म्हणजे तुमची शाळा, एवढं मला कळतंय."

माझं पहिलं वाक्य वाया गेलं. मी खुर्चीत बसले. "आमच्या शाळेत ती नाही आली, सर. मी तुमच्याशी भांडायला आले होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत या माणसानं मला पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून ऐकलं असेल. मग त्यांनी फोन काढला, शाहीनला लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"सर?" शाहीन म्हणाली. मागे पोरांचा गलका होता.

"कुठं हाईस तू?" सर म्हणाले, आणि त्याच दमात मी म्हणाले, "शाहीन, कुठे आहेस?"

"बाई पण हायत? दोघं एका जागी? या अल्ला, काय झालं?"

"काही झालं नाही. कुठे आहेस ते सांग."

ती बिलोलीकडच्या एका लहानशा शाळेत होती. उन्हाळी वर्ग चालू होते. पोरं घरी तेलुगू बोलणारी, मराठीच्या तासाला गप्प बसणारी. मी विचारलं, मग आमच्याकडे काय वाईट होतं? सरांनी विचारलं, आणि माझ्याकडं?

"रागावू नका. मुदखेडला मी बाईंची शाहीन. कॉलेजात सरांची शाहीन. इथं पोरं मला नुसतं मॅडम म्हणून राहिले. मला लई बरं वाटून राहिलं." मग तिचा आवाज एकदम खुलला. "आणि बाई, इथं एक जुन्या बाई हायत. सर, तुम्ही त्यांचा वर्ग ऐकाच एकदा. असं शिकवतात ना, मी असं कधी बघितलंच नाही. रोज त्यांच्या वर्गात जाऊन बसते मी. खरं शिकवणं काय असतं ते मला आता कळून राहिलं. ठेवते, घंटा झाली."

फोन बंद झाला. सर त्याच्याकडे बघत होते. मीही बघत होते. त्या न पाहिलेल्या बाईवर मी जेवढी जळत होते तेवढी सरांवरही कधी जळले नव्हते, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळत होतं की तिथंही तेच चाललंय.

"कोण बाई हाय ही?" सर म्हणाले.

"मला काय माहीत?"

"बी.एड. कुठनं केलंय म्हणे तिनं?"

"पाचवीपासून 'ळ' मी शिकवला," मी म्हणाले, "आणि खरं शिकवणं आत्ता कळलं म्हणे."

"तोंड उघडायला मी शिकवलं," सर म्हणाले.

"हो. तुम्हीच शिकवलं," मी म्हणाले. हे मी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं आणि तेही त्या बिलोलीच्या बाईला काही मिळू नये म्हणून. त्यांनी शेंगांचा कागद माझ्याकडे सरकवला. आमच्या शाळेचं आणि त्यांच्या कॉलेजचं इतक्या वर्षांत कशावरही एकमत झालं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा शिपाई माझ्यासाठी पाणी घेऊन आला. कॉलेजची पत्रं घेऊन तो आमच्या शाळेत यायचा, म्हणून तो बिलोलीकडचाच हे मला माहीत होतं. सरांनाही माहीत असणार. कारण त्याचा पेला टेबलावर टेकायच्या आत आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, "बिलोलीला सकाळची पहिली एसटी कितीला असते रे?"